चिंचेचा सुवेर

पनवेलात वडाळ्याच्या तळ्यापलीकडे आगऱ्यांची थोडी घरं होती. त्यांतलं शेवटचं रंभाबाईचं. पावसाळ्यात ते घर नाकाने सापडे. दारात जुनी चिंच होती आणि ज्येष्ठ लागला की तिच्यावर बगळे, ढोकऱ्या, पाणकावळे येऊन घरटी बांधत. श्रावणापर्यंत झाडाखालची जमीन, गोठ्याचं छप्पर, धुण्याचा दगड, सगळं चुना फासल्यासारखं पांढरं होई. वरून पिल्लांच्या तोंडातले मासे पडत, बेडूक पडत, ते तिथेच कुजत. पाहुणे पदर नाकाला लावून बसत आणि चहा झाला की उठत.

"लवकर उठतात ते बरं हाय," रंभाबाई म्हणे.

ती सुईण होती. सासूच्या हाताखाली शिकली आणि सासू गेल्यावर तळ्याच्या दोन्ही अंगांची बाळंतपणं तिच्याकडे आली. आगऱ्यांची, सुतारांची, मोहल्ल्यातल्या मुसलमानांची, कधी बाजारपेठेतल्या एखाद्या वाण्याच्या घरचीही. नवरा मिठागरात मजूर होता, तो तरुणपणीच गेला. मागे एक मुलगा, महादेव. तो भाताच्या गिरणीत पोती उचलायला जाई.

रंभाबाई जिभेने कडू होती. अडलेल्या बाईला ती बाळे, सोने असलं काही म्हणत नसे. "ओरड. पण ओरडून झालं की जोर कर," एवढंच सांगे. हात मात्र तिचे ऐकणारे होते. पोटात मूल आडवं असलं तर गोडं तेल लावून, बोटांनी चाचपत, ती ते हळूहळू फिरवून सरळ करी. डोळे त्या वेळी मिटलेले असत.

आणि सुवेर पाळण्याच्या बाबतीत ती कोणाचं ऐकत नसे. मूल जन्मलं की बाळंतिणीच्या दाराला ती कडुनिंबाचा डहाळा बांधी, उंबऱ्याबाहेर शेणीच्या विस्तवावर ओवा टाकून धुमसत ठेवी, आणि मग त्या दारातून पुरुषाने आत जायचं नाही. नवऱ्याने नाही, सासऱ्याने नाही, घर गहाण असलं तर सावकारानेही नाही. बाईला उठवायचं नाही, कामाला लावायचं नाही. सव्वा महिना तिने गावची शीव ओलांडायची नाही. कोणी कुरकुर केली तर रंभाबाई भांडत नसे. "ओलांड. मी काय तुला धरणार नाय," म्हणे, आणि आपलं काम करत राही. तिचं न धरणंच लोकांना भारी पडे. तो डहाळा दिसला की गडीमाणसं रस्ता बदलत.

पाखरांवर तिचं प्रेम होतं असं म्हणवत नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा चिंच होती आणि चिंचेवर पाखरं होती, जशी घरात सासू होती आणि चुलीला धूर होता. पांढऱ्या बगळ्यांची डोकी आणि पाठ त्या दिवसांत पिवळीजर्द होत. "हळद लागली," ती म्हणे. एकाची काटकी दुसरा पळवताना दिसला की, "जावा-जावा हायत," म्हणे. खालती पडलेलं पिल्लू मात्र ती उचलून परत ठेवायला जात नसे. पडलं ते मांजराचं. सगळीच जगत नाहीत, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

पाखरांचं खरं वेड होतं शेजारच्या अब्दुल्ला सारंगाला. आयुष्यभर बोटीवर खलाशी, मग खलाशांचा मुकादम, म्हणजे सारंग, आणि म्हातारपणी पनवेलला परत. येताना त्याने पितळेची एक दुर्बीण आणली होती. आता समोर समुद्र नव्हता, चिंच होती. दुपारची नमाज झाली की तो ओट्यावर बसून दुर्बीण डोळ्याला लावी आणि आत बायकोला ओरडून बातम्या देई.

"कुलसुम, तिसऱ्या फांदीवरचा ढोकरा आज लाल कोट घालून आलाय!"

"मग निकाह लावा त्याचा," कुलसुमबी आतून म्हणे, "आणि पिठाचा डबा फळीवरून उतरवून द्या मला."

त्याच्या चारही मुलांना रंभाबाईनेच जगात आणलं होतं. त्यामुळे ती त्याला हवं ते बोले आणि तो ऐकून घेई.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हा महादेवचं लग्न झालं. सून गोदू, जवळच्या ओवे गावची. आई लहानपणीच गेलेली, मावशीने वाढवलेली. पोरगी कामाला चांगली होती, पण पहिल्याच पावसाळ्यात चिंचेच्या वासाने तिचं जेवण तुटलं. भात समोर आला की ती उठून परसात जाई. दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले तेव्हा तिने महादेवला सांगितलं की, आता पुन्हा तो वास माझ्याच्याने सोसणार नाही, झाड काढा.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण गोदूला आई नव्हती आणि सासू तर सुईण. म्हणून ते इथेच करायचं, असं ठरलं होतं. मऊ झालेली जुनी लुगडी रंभाबाईने पेटीतून काढून पुन्हा पुन्हा धुतली, ओवा आणि बाळंतशेपा निवडून ठेवल्या, नाळ बांधायचा दोरा स्वतः वळला. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं हातावर झेलली. आता घरचं झेलायचं होतं.

झाडाचंही वैशाखात ठरलं. पनवेलच्या बैलगाड्या तेव्हा लांबलांबपर्यंत जात, आणि चाकाच्या मधला तुंबा चिंचेच्या लाकडाचा असला तर फाटत नाही, असं सुतार सांगत. विठू सुतार ओट्यावर येऊन बसला. झाड त्याने न्यावं आणि बदल्यात महादेवला एक गाडी जोडून द्यावी. महादेवला गिरणीतून सुटायचं होतं. पोती उचलून त्याची मान आत्ताच खाली गेली होती.

"कापा," रंभाबाई म्हणाली. "सुनेला सोसत नाय तर कापा."

पण वैशाखात लग्नसराई. विठूकडे गाड्यांची गर्दी. त्यात लाकूड अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडायचं, नाहीतर भुंगा लागतो, ही त्याची रीत. एक पंधरवडा हुकला, दुसरा हुकला. ज्येष्ठात पाऊस पडला, आणि पाखरं आली.

आषाढातल्या एका दुपारी रंभाबाई कुलसुमबीकडे सुनेसाठी लोणचं मागायला गेली. सारंग ओट्यावर दुर्बीण लावून बसला होता.

"काय गो रंभाबाय, तुझ्या झाडावरची पाखरं मी रोज बघतंय, तू कधी बघितलीस काय?"

"माझ्या डोक्यावर रोज शिटतात. अजून काय बघू?"

"बघ तर खरं. एक डोळा मीट."

तिने लोणच्यासाठी आणलेली वाटी खाली ठेवली आणि दुर्बीण धरली. आधी नुसती पानं दिसली. मग पाऊस दिसला. मग एकदम एक बगळी, इतकी जवळ की रंभाबाईने मान मागे घेतली. बगळी उठून उभी राहिली. खाली निळसर अंडी होती. तिने चोच खाली घातली आणि एकेक अंडं हळूच फिरवलं, थोडं इकडे, थोडं तिकडे. मग पंख पसरून पुन्हा बसली. पाणी पाठीवरून ओघळत होतं. डोळे अर्धे मिटलेले.

रंभाबाईने दुर्बीण डोळ्यावरून काढली नाही.

"फिरवते ती," शेवटी ती म्हणाली.

"रोज फिरवते," सारंग म्हणाला. "हिचा नवरा बसतो ना, तो पण फिरवतो."

"नवरा?"

"आळीपाळीने बसतात."

"ते आमच्याकडं नाय," म्हणून तिने दुर्बीण परत दिली आणि लोणचं न घेताच घरी आली.

संध्याकाळी महादेवने सांगितलं, "आये, उद्या विठू येतोय झाडाला."

"आता? आता पाखरं बसलीत."

"त्याचे हात आताच मोकळे झालेत. पंधरवडाही अंधारा हाय. शब्द तुझ्यासमोर दिलाय ना?"

ती उठून चुलीकडे गेली. महादेवला वाटलं, पटलं.

सकाळी विठू एक गडी, दोर आणि कुऱ्हाड घेऊन आला, तेव्हा चिंचेच्या बुंध्याला कडुनिंबाचा डहाळा बांधलेला होता. मुळाशी मडक्यात विस्तव धुमसत होता, ओव्याचा वास येत होता, आणि मडक्यावर पाऊस पडू नये म्हणून रंभाबाई आपलं इरलं तिरपं धरून बसली होती. ती स्वतः भिजत होती.

"रंभाबाय, हे काय?"

"दिसतं ना? सुवेर हाय."

"कोणाचा?"

तिने वर बोट दाखवलं. विठू हसला. महादेवचा चेहरा पाहून थांबला.

"पाखराचा सुवेर? असं कुठं असतं?"

"हिथं हाय."

"तू शब्द दिलायस. ह्याच ओट्यावर."

"तेव्हा झाड रिकामं होतं. तेव्हा आला असतास तर मी कुऱ्हाडीला धार लावून दिली असती. सुवेर फिटू दे, झाड तुझं. शब्द मोडत नाय मी."

"आणि नाय थांबलो तर?"

"ओलांड. मी काय तुला धरणार नाय."

विठूने त्या धुराकडे बघितलं. आपल्या प्रत्येक पोराच्या वेळी तो अशाच धुराच्या अलीकडे बसून राहिला होता. थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणाला आलेली होती, श्रावणात तिला रंभाबाईच लागणार होती. त्याने कुऱ्हाड या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"विठू, ऐक!" सारंग आपल्या ओट्यावरून ओरडला. "बंदरात रोगराईचा पिवळा बावटा दिसला की कप्तानाचा बाप पण खाली उतरत नाय. जा घरी, चाय पी."

"सारंग, तुमी आधी ती दुर्बीण खाली ठेवा," रंभाबाई म्हणाली. "बाईमाणसाच्या सुवेरात दुर्बीण लावून बसलेत. लाज नाय?"

"मग मी बघायचं पण नाय काय?"

"लांबून चालंल."

विठूचा गडी फिसकन हसला. विठू शिव्या देत गेला, पण गेला.

गोदू दारात उभी राहून सगळं बघत होती. एक हात पोटावर, एक हात नाकाशी. रंभाबाई लुगडं पिळत आत आली तेव्हा तिने वाट अडवली.

"आत्याबाय, दोन महिने मी खाल्लेलं ठरत नाय. तुमी बघता. तरी माझ्यापेक्षा ती पाखरं जवळची?"

"जवळची नाय. बसलेली हायत."

"आणि मी?"

"तू अजून बसलेली नायस. तू उठून जाऊ शकतेस."

रंभाबाईला म्हणायचं होतं, कुलसुमकडे जाऊन नीज, तिकडे वास कमी येतो. ते पुढचं वाक्य तिच्या तोंडात होतं. पण गोदूने तेवढंच ऐकलं.

"बरं," ती म्हणाली. "मग जाते उठून. मावशीकडं जाते. तिकडंच होऊ दे काय व्हायचं ते."

पुढचं वाक्य रंभाबाईने गिळलं. सुनेला परतवायला शब्द खर्च करायची तिला सवय नव्हती. महादेव मध्ये पडला, आधी आईवर चिडला, मग बायकोवर, मग विठूवर. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याची गाडी मागून तो गोदूला ओव्याला सोडून आला. गाठोडं रंभाबाईने बांधून दिलं. ओव्याला गेल्यावर गोदूने ते सोडलं तेव्हा त्यात जुनी लुगडी होती, ओवा होता, बाळंतशेपा होत्या आणि अगदी तळाशी, पानात गुंडाळलेला, नाळ बांधायचा दोरा.

आळीत बोलणं झालंच. सुईणीच्या घरची सून दुसरीच्या हातात गेली. नळावर कोणीतरी विचारलं, "रंभाबाय, सुनेपेक्षा बगळी लाडकी झाली का?"

"बगळी उलटून बोलत नाय," ती म्हणाली आणि हंडा उचलला. घरी येऊन मात्र ती चूल न पेटवता बसून राहिली.

रोज सकाळी ती मडक्यातला विस्तव नवा करी. डहाळा सुकला की दुसरा बांधी. पिल्लं बाहेर आली, झाड रात्रंदिवस कलकलू लागलं, वास दुप्पट झाला. तिने दुर्बीण पुन्हा मागितली नाही. सारंग ओरडून सांगे तेवढं ऐके.

श्रावणात ओव्याहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईने निरोप आणला. गोदूला मुलगी झाली, होऊन तीन दिवस झाले. रंभाबाई तशीच चालत निघाली. ओव्याला पोहोचली तेव्हा मावशीच्या दाराला ना डहाळा होता ना विस्तव. घरात कोणी नव्हतं. भातातलं तण काढायची बेणणी चालली होती, मावशी चंद्रावती आणि तिच्या सुना शेतावर होत्या. कोपऱ्यात लुगड्यावर मूल झोपलं होतं. रंभाबाईने आधी बेंबी बघितली. नाळ नीट बांधली होती, तिच्याच दोऱ्याने. मग ती परसात गेली. गोदू विहिरीपाशी उकिडवी बसून रात्रीची भांडी घासत होती. पावसाची भुरभुर चालू होती.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. रंभाबाईने तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

"आत जा. नीज."

"मावशी म्हणाली, कामाचे दिवस हायत."

"जा म्हणते ना."

तिने सगळी भांडी घासली, पाणी तापवलं, गोदूला शेकलं, पोरीला न्हाऊ घातलं. संध्याकाळी चंद्रावती शेतावरून आली, चिखलाने माखलेली, थकलेली. वाईट बाई नव्हती.

"विहीणबाय, काय करू? घरात हात नायत. आमी पण तिसऱ्या दिवशी उठलो हाव."

रंभाबाईला गोदूला तिथून उचलून न्यायचं होतं. पण सव्वा महिना बाळंतिणीने शीव ओलांडायची नाही, हे तळ्याच्या दोन्ही अंगांना तिनेच तर शिकवलेलं. दुसऱ्याच्या घरात आपला डहाळा बांधायचा तिला हक्क नव्हता, आणि राहायचं तर पनवेलला विठूची मुलगी दिवसांवर होती. ती अंधार पडायच्या आत निघाली. जाताना पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गोदूला म्हणाली, "मी तेव्हा अर्धंच बोलले होते."

"पुढं काय होतं?"

"आता काय उपयोग त्याचा?"

बारशाला महादेव एकटाच गेला. मुलीचं नाव मालू ठेवलं.

गोदू परत आली ती भाद्रपद सरता सरता. झाड तोवर शांत झालं होतं. शेवटची ढोकरीची पिल्लंही तळ्याकडे उडून गेली होती. रंभाबाईने डहाळा सोडला, मडकं उपडं केलं आणि स्वतः विठूच्या घरी जाऊन सांगितलं, "सुवेर फिटला. ये." पितृपक्षात विठू हात लावायला तयार नव्हता. दसरा झाला, आश्विनातला अंधारा पंधरवडा लागला, तेव्हा तो करवत घेऊन आला. महादेव त्या दिवशी गिरणीत गेला नाही. दोर बांधायला तोच चढला.

रंभाबाई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. तिने वर बघितलं नाही.

गोदू पोरीला खांद्यावर घेऊन बाहेर आली. "थांबा," ती म्हणाली.

"आता काय?" महादेव वरून म्हणाला.

"झाड राहू दे."

विठूने करवत खाली टेकवली. "तूच सांगितलंस ना काढायला?"

"सांगितलं. वासाने माझं आतडं बाहेर येत होतं, म्हणून सांगितलं. पुढच्या साली पण येईल." ती सासूकडे वळली. तिचा आवाज चढला होता. "मना तिसऱ्या दिवशी उठवलं, आत्याबाय. विहिरीवर. रक्त थांबलं नव्हतं. आणि हिकडं पाखरांना दोन महिने कोणी हात लावला नाय. मडकं घेऊन पावसात बसलात, मी बघितलं. माझ्यासाठी कोण बसलं?"

रंभाबाईचे तांदळातले हात थांबले.

"तू हिथं असतीस तर मी बसले असते."

"तेच सांगते मी. पुढचं हिथं. तुमच्या हातात. आणि तोच डहाळा मना पायजे, तसाच. तेव्हा हे झाड तोडलेलं असलं तर लोक म्हणतील, पाखरं परत येणार हे ठाऊक असून ही बाय लाकडासाठी सुवेर गुंडाळते. मग कोण ऐकेल तुमचं? माझ्यासाठी तरी कोण थांबेल?"

सारंगाने आपल्या ओट्यावरून घसा खाकरला, पण कुलसुमबीने त्याला आत हाक मारली.

"आणि माझी गाडी?" महादेव म्हणाला.

त्याचंही खोटं नव्हतं. शेवटी विठूने छपरावर आलेली मोठी फांदी घेतली. त्यात दोन चाकांचे तुंबे निघाले, गाडी निघाली नाही. विठू वर्षभर सांगत हिंडला की बायकांच्या घरात शब्द देऊ नये. महादेव गिरणीतच राहिला. मान आणखी खाली गेली तेव्हा घरात त्याचा हक्काचा टोमणा झाला: "माझी गाडी वर बसून अंडी घालते." त्यावर दोघी हसत नसत, ऐकून घेत. फांदी गेल्यामुळे छपरावर घाण पडेनाशी झाली, एवढा मात्र फायदा झाला.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. तिसऱ्या आषाढात गोदूला पुन्हा कळा लागल्या. चिंच वरपासून खालपर्यंत भरलेली, दुपारची उघडीप, आणि वास असा की कुलसुमबी दाराशी मदतीला आली ती ओढणीने तोंड बांधून. रंभाबाईने या वेळी मूल व्हायची वाटही पाहिली नाही. एक डहाळा खोलीच्या दाराला बांधला, एक चिंचेला. महादेवला गिरणीत पाठवून दिलं. मग तिला समोरचा ओटा दिसला.

"सारंग, आज दुर्बीण झाडाकडंच ठेवायची. इकडं वळली तर तळ्यात टाकीन."

"तोबा, तोबा," अब्दुल्ला म्हणाला आणि खुर्चीसकट तिरपा झाला. "वरच्या फांदीवर चौघी बसल्यात, रंभाबाय."

"बसू दे."

ती आत आली. हाताला तेल लावलं, गोदूच्या पोटावर ठेवलं, डोळे मिटले. मूल सरळ होतं. तरी तिने एकदा सगळीकडून चाचपून घेतलं.

"आत्याबाय," गोदू दातओठ खात म्हणाली, "वास मारतोय. मरणाचा."

"मारू दे. तू ओरड," रंभाबाई म्हणाली. "पण ओरडून झालं की जोर कर."